अहिल्याबाईंची खासगी

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर तव्याकडे लक्ष ठेवून ऐका. निवडण-टिपण घेऊन बसला असाल तर फारच छान. आज आम्ही तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे आणि तिचा फोटो तुमच्या गावातही असणार, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीत, नाहीतर शाळेत. अंगावर पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर आणि हातात महादेवाची पिंड. बरोबर ओळखलंत, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

दरवर्षी ३१ मे आला की आपण फोटोला हार घालतो, नारळ फोडतो, दोन भाषणं ऐकतो आणि पेरणीच्या तयारीला लागतो. आम्हीही तेच करत होतो. पण मागं एकदा जयंतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी अहिल्याबाईंनी कुठे कुठे काय बांधलं त्याची भली मोठी यादी वाचली. काशीचं देऊळ, गयेचं देऊळ, सोमनाथचं देऊळ, घाट, विहिरी, बारव, धर्मशाळा. कार्यक्रम संपल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींनी हळूच विचारलं, "एवढं सगळं बांधलं गं, पण पैसा कुणाचा?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आलं नाही. आजींची शाळा दुसरीपर्यंत, पण गटाची पहिली पाच वर्षं पेटी त्यांच्याकडेच असायची. पैशाचा प्रश्न त्यांना सुचणारच. तो प्रश्न घेऊन आम्ही वाचायला बसलो आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

गोष्ट सुरू होते चौंडीपासून. आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड तालुक्यातलं हे गाव. तिथल्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ ला मुलगी झाली. पाटील म्हणजे काही राजा नव्हे. धनगर समाजातलं, गावकीत मान असलेलं साधं घर. त्या काळात मुलीला अक्षर शिकवायची रीत नव्हती, तरी ही मुलगी लिहावाचायला शिकली. पुढे आयुष्यभर त्या स्वतः पोथ्या-पुराणं वाचत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण जिला वाचता येतं तिला हिशेबाचा कागदही वाचता येतो.

१७३३ साली आठ वर्षांच्या अहिल्येचं लग्न मल्हारराव होळकरांच्या मुलाशी, खंडेरावांशी झालं. मल्हाररावांनी प्रवासात तिला चौंडीच्या देवळात पाहिलं आणि सून म्हणून पसंत केलं, असं सांगतात. मल्हारराव मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. लहानपणीच वडील गेले म्हणून आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. पोरगा मामाची मेंढरं राखता राखता मोठा झाला, घोड्यावर बसला, बाजीराव पेशव्यांच्या फौजेत नाव काढलं आणि माळव्याचा सुभेदार झाला. त्यांची बायको गौतमाबाई म्हणजे त्याच मामाची लेक.

आता या गौतमाबाईंकडे जरा नीट बघा, कारण आमच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावानं काही गावांचं उत्पन्न वेगळं काढून दिलं. त्याला म्हणत खासगी. मल्हाररावांच्या ताब्यातला मुलूख, त्याचा सारा, फौजेचा खर्च, ती झाली दौलत. आणि घरातल्या बाईच्या नावानं वेगळं काढलेलं उत्पन्न ती खासगी. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा पैसा वेगळा. दोन्हींच्या वह्या वेगळ्या. खासगीतला पैसा कशावर घालायचा ते गौतमाबाईंनी ठरवायचं.

घरच्या बाईच्या नावावर स्वतःचं उत्पन्न! बायांनो, ही गोष्ट जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीची आहे. आणि आपल्यातल्या किती जणींच्या नावावर आज अर्धा गुंठा तरी आहे? आम्ही आमच्या गटात मोजलं. आकडा सांगायला लाज वाटते, म्हणून सांगत नाही. तुमचा तुम्ही मोजा.

सासूच्या हाताखाली सून शिकली. गौतमाबाईंनी घरकारभार आणि खासगीचे हिशेब दाखवले, तर मल्हाररावांनी बाहेरचा कारभार. अहिल्याबाईंना दोन मुलं झाली, १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई.

मग १७५४ साल उजाडलं. भरतपूरजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाईंचं वय तेव्हा अठ्ठावीस. त्या काळच्या रितीप्रमाणं त्या सती जायला निघाल्या. आणि ज्यांचा तरणाताठा एकुलता एक मुलगा गेला होता ते मल्हारराव सुनेच्या आडवे आले. आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, अशी त्यांनी विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या.

या थांबण्याबद्दल आम्ही खूप बोललो. त्या दिवशी सासऱ्यानं सुनेचा हात धरला नसता तर काशीचं देऊळ नाही, महेश्वरचा घाट नाही, काहीच नाही. एका बाईला जगू दिलं, त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. आणि मल्हाररावांनी तिला नुसतं जगवलं नाही, तिच्या हातात काम दिलं. ते स्वतः मोहिमेवर असायचे आणि मागचा कारभार सून पाहायची. १७६५ सालची त्यांची पत्रं आहेत. त्यांत तोफखाना कुठं न्यायचा, मुक्काम किती दिवस करायचा, दारूगोळ्याची व्यवस्था कशी ठेवायची, हे सगळं त्यांनी सुनेला लिहिलंय. विधवा सून एका कोपऱ्यात माळ ओढत बसलेली नव्हती, ती तोफा हलवत होती.

१७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे आली. सासूचा पैसा सुनेच्या हाती गेला. त्या पैशावर हक्क बाईचाच राहिला.

१७६६ च्या मे महिन्यात मल्हाररावही गेले. मालेराव गादीवर बसले. त्यांची प्रकृती आणि डोकं दोन्ही ताळ्यावर नव्हतं. वर्षाच्या आतच तेही वारले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. अहिल्याबाईंनी न्यायासाठी पोटच्या मुलाला हत्तीच्या पायी दिलं, अशी कथा आपल्याकडे अजून सांगतात. ऐकायला भारी वाटते, पण ती खरी नाही. मालेराव आजारात गेले आणि त्यांच्या उशाशी आईच होती. आईला मोठं करायला तिच्या हातून लेकरू मारायची काय गरज?

नवरा गेला, सासू गेली, सासरा गेला, मुलगा गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही. मग काय होतं ते आपल्याला सांगायला नको. तेराव्याच्या आतच भाऊबंद जमतात आणि ती काय करणार एकटी बाई, असं म्हणत कागदावर अंगठा मागतात. अहिल्याबाईंच्या बाबतीत तेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला, कुणाचा तरी लहान मुलगा दत्तक घ्या, कारभार आम्ही पाहू, तुम्ही देवधर्म करा. आणि पेशव्यांचे काका राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले.

अहिल्याबाई म्हणाल्या, या घराण्याच्या एका धन्याची मी बायको आणि दुसऱ्याची आई. पुढचा धनी ठरवायचा हक्क माझा. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड या सरदारांना पत्रं धाडली आणि आपली फौज तयार ठेवली. राघोबांना त्यांनी निरोप पाठवला असं सांगतात की, मी हरले तर बाई हरली म्हणतील, पण तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. राघोबा क्षिप्रेच्या काठावर थांबले आणि म्हणाले, मी तर मालेरावांच्या दुखवट्याला आलोय. तिकडे पुण्यात माधवराव पेशव्यांनीही कौल अहिल्याबाईंच्याच बाजूनं दिला.

गावाकडे आणखी एक गोष्ट सांगतात. राघोबांनी म्हणे होळकरांच्या खजिन्यातून रक्कम मागितली. बाईंनी कळवलं, या पैशावर तुळशीपत्र ठेवलंय, तो दानधर्माचा आहे. तुम्ही ब्राह्मण आहात, हवा असेल तर पाण्याची संध्यापळी घेऊन या, मी संकल्प सोडते, दान म्हणून न्या. राघोबांना हे कसं चालणार? गोष्ट घडली तशीच घडली असेल नसेल, पण लोकांनी ती दोनशे वर्षं का जपली ते बघा. पैशाला एकदा नाव दिलं की तो दुसऱ्या कामाला काढायचा नाही, हे या बाईकडून लोकांनी शिकलं. आपल्या गटातही विम्याचा पैसा बारशाला काढायचा नाही म्हणतो, ते हेच.

अहिल्याबाईंनी नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी नेली. फौज सांभाळायला त्यांनी तुकोजी होळकरांना नेमलं. तुकोजी त्यांचे सख्खे कुणी नव्हते, वयानंही थोडे मोठेच, पण बाईंना ते आई म्हणत. कामाची वाटणी झाली. मोहिमा तुकोजींकडे, मुलकी कारभार आणि खजिना बाईंकडे. पैशावरून दोघांत वादही होत. तुकोजी फौजेच्या खर्चाला पैसा मागत आणि बाई आधीचा हिशेब मागत. घराघरांत चालतं तसंच.

त्या वागायच्या कशा, त्यांचा दिवस कसा जायचा, हे आपल्याला एका इंग्रजाच्या पुस्तकातून नीट कळतं. त्याचं नाव जॉन माल्कम. बाई गेल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी तो माळव्यात अधिकारी होता. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं लिहिलं आणि १८२३ साली पुस्तक छापलं. ज्यांचं राज्य इंग्रजांनी नुकतंच हरवलं त्या घराण्यातल्या बाईचं तो उगाच कौतुक कशाला करेल? पण जितकी चौकशी केली तितका आदर वाढत गेला, असं त्यानं लिहिलंय.

अहिल्याबाई पहाटे उजाडायच्या तासभर आधी उठत. आंघोळ, पूजा, पोथी ऐकणं, मग दानधर्म, समोर लोकांना जेवू घालणं. त्यानंतर स्वतःचं जेवण, तेही साधं, शाकाहारी. त्यांच्या समाजात मांस वर्ज्य नव्हतं, त्यांनी आपणहून सोडलं होतं. थोडी विश्रांती आणि दुपारी दोनच्या सुमारास दरबार. पडदा नाही, घोशा नाही. समोर बसून येईल त्याची फिर्याद स्वतः ऐकायच्या. संध्याकाळपर्यंत हे चाले. मग पुन्हा पूजा, थोडं खाणं, आणि रात्री नऊला परत कागदपत्रं, ती अकरापर्यंत. रोज हेच. उपास आणि सणाचे दिवस सोडले तर खंड नाही.

त्या दिसायला कशा होत्या? बुटक्या नाहीत, उंच नाहीत, अंगानं बारीक, रंगानं सावळ्या. पांढरं लुगडं आणि गळ्यात एखादी माळ, बाकी दागिना नाही. राघोबांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, बाई दिसते कशी ते बघून यायला एका बाईला पाठवलं होतं म्हणे. तिनं येऊन सांगितलं, रूप काही फार नाही, पण चेहऱ्यावर देवाचं तेज आहे. आनंदीबाई म्हणाल्या, पण रूप नाही ना? आणि तेवढ्यावर खूश झाल्या. हे वाचून आम्ही पोट धरून हसलो. तीनशे वर्षांत फारसं काही बदललं नाही.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. अहिल्याबाईंनी मुलूखभर जो दानधर्म केला तो खासगीतून केला. सासूच्या नावानं सुरू झालेली ती बाईची मिळकत. रयतेचा सारा होता तो रयतेच्या आणि फौजेच्या कामाला. देवाधर्माला स्वतःच्या पदरचा पैसा. एका पिशवीतला पैसा दुसऱ्या पिशवीत जात नसे.

आणि काय काय झालं त्या पैशातून! १७८० च्या सुमाराला काशीविश्वनाथाचं देऊळ नव्यानं उभं राहिलं. काशीतले घाट झाले. गयेला विष्णुपदाचं देऊळ झालं. सोमनाथला जुनं देऊळ पडलेलं होतं, तिथं जवळच नवं बांधलं. केदारनाथच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाली. आपल्या महाराष्ट्रात वेरूळला घृष्णेश्वर आणि शिवालय तीर्थाचं काम झालं, जेजुरीला तलाव झाला, पंढरपूरला वाडा झाला. तुम्ही वारीला गेलात तर चंद्रभागेच्या घाटावरून वर येताना होळकर वाडा विचारा.

पण आम्हाला या मोठ्या देवळांपेक्षा लहान कामांनी जास्त पकडून ठेवलं. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंसाठी पाणी घेऊन माणसं उभी केलेली असायची. थंडीत गडीमाणसांना गरम कपडे. महेश्वरच्या आसपास उन्हात नांगर चालू असला तर बाईंची माणसं जाऊन बैल थांबवायची आणि बैलांना पाणी पाजायची. आणि हे ऐका. शेतकरी गोफणीनं पाखरं हाकलतात, मग पाखरांनी खायचं काय, म्हणून त्या उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडायच्या. शेतकऱ्याला पिकाचा दाम मिळायचा आणि पाखराला दाणा. शेतकऱ्याचं नुकसान करून पुण्य मिळवायचं नाही, हे त्यात आलं.

आणखी एक शहाणपण आहे. बांधलं आणि सोडून दिलं असं त्यांनी केलं नाही. देवळाला पुजारी, धर्मशाळेला राखण, अन्नछत्राला धान्य हे वर्षानुवर्षं चालावं म्हणून त्या कामाला कायमचं उत्पन्न लावून दिलं. महेश्वरला नर्मदेच्या मातीची बारीक बारीक शिवलिंगं करून, पुजून, रोज नदीत सोडायची पूजा आजही चालू आहे. आपल्या गावात हौसेनं हातपंप बसतो आणि वॉशर गेला की दोन वर्षं तसाच पडून असतो. बांधण्याला फोटो निघतो, सांभाळण्याला निघत नाही. बाईंनी सांभाळण्याचा पैसा आधी बाजूला काढला.

स्तुती मात्र त्यांना खपत नसे. एका पंडितानं त्यांच्यावर कौतुकाचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी एक साधी पापी बाई, एवढ्या कौतुकाची नव्हे, असं म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला.

राज्यकारभारातही हीच समज दिसते. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी धाक दाखवला आणि नंतर त्यांच्या पोटाचा विचार केला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क मान्य केला, त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. लुटणारेच राखणदार झाले. महेश्वरला त्यांनी ठिकठिकाणचे विणकर आणून वसवले. सुती-रेशमी महेश्वरी साडी तिथून नावारूपाला आली. काठावर घाटाच्या पायऱ्यांची, नर्मदेच्या लाटांची नक्षी. मधल्या काळात ही कला मोडकळीला आली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्याच माणसांनी रेहवा सोसायटी काढून ती पुन्हा उभी केली, आणि आज तिथं मागावर बसणाऱ्यांत पुष्कळ बायका आहेत.

आता विधवांची गोष्ट, कारण ती आमच्या मनाला फार लागली. त्या काळी सावकार बिनवारस मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची, नाहीतर दत्तक मंजूर करण्यासाठी विधवेकडून मोठा नजराणा उकळायचा, अशी राजेरजवाड्यांची रीत होती. इंदूरचा एक श्रीमंत सावकार असाच वारला. तुकोजींना आजूबाजूच्यांनी भरीला घातलं की त्याच्या पैशात वाटा घ्या. त्याची विधवा तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिला मानानं परत पाठवलं, तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना इंदुरापासून तळ हलवायला सांगितलं. दुसऱ्या एका घरच्या विधवांनी तर आपण होऊन सगळी दौलत बाईंना देऊ केली. त्या म्हणाल्या, मला नको, तुमचा पैसा तुमच्याच हातानं चांगल्या कामाला लावा. त्यातून नदीचा घाट आणि देऊळ उभं राहिलं.

विचार करा. राज्यकर्ती स्वतः विधवा. तिला ठाऊक होतं की विधवेच्या दारात पहिलं कोण येऊन उभं राहतं आणि काय मागतं.

आणि तरीही, मैत्रिणींनो, या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथं आमचा आवाज बसतो. फोटोला हार घालणारी भाषणं ती गाळतात. आम्ही गाळणार नाही.

लेक मुक्ताबाई. माळव्यात चोर-दरोडेखोरांचा उपद्रव मोठा होता, तो जो मोडील त्याला मी मुलगी देईन असं बाईंनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे यांनी ते काम केलं, असं सांगतात. मुक्ताबाईंना एक मुलगा झाला. बाईंच्या घरात उरलेलं ते एकच रोप. ऐन तारुण्यात तो नातू गेला. त्यामागं १७९१ साली जावई गेले. आणि मुक्ताबाई सती जायला निघाल्या.

सदतीस वर्षांपूर्वी ज्या बाईला सासऱ्यानं चितेपासून मागं वळवलं होतं ती सहासष्ट वर्षांची आई आता आपल्या लेकीपुढं पदर पसरत होती. मुक्ताबाईंनी ऐकलं नाही. आई, तू थकलीस, तुझे दिवस थोडे उरले, मुलगा गेला, नवरा गेला, तुझ्यामागं मी कुणासाठी जगू, असं त्या म्हणाल्या. जिच्या शब्दावर फौजा हलत तिचा शब्द रितीपुढं चालला नाही. अहिल्याबाई अंत्ययात्रेबरोबर चालत गेल्या. चितेजवळ दोघा जणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. नंतर त्यांनी नर्मदेत आंघोळ केली, वाड्यात गेल्या आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत, कुणाशी बोलल्या नाहीत.

हे वाचताना आमच्या गटात कुणीच बोललं नाही. बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, "तिच्याकडं सगळं होतं. तरी एकटीच होती ना."

आम्हाला वाटतं, आजींनी नेमकं बोट ठेवलं. मल्हाररावांनी एका सुनेला वाचवलं, पण रीत तशीच राहिली. रीत एकट्या माणसाच्या चांगुलपणानं मोडत नाही, मग तो माणूस राजा असो की राणी. सतीबंदीचा कायदा व्हायला पुढं १८२९ साल उजाडावं लागलं.

१३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. वय सत्तर. लेक गेल्यावरही सुमारे साडेतीन वर्षं त्या जगल्या.

२०२५ साली त्यांची तीनशेवी जयंती झाली. आपण सगळ्यांनी मिरवणुका पाहिल्या. आम्ही तुम्हाला दोनच गोष्टी सांगणार आहोत.

पहिली गोष्ट खासगीची. अहिल्याबाईंची भक्ती मोठी होती, यात शंका नाही. पण तुमच्या-आमच्या आया-आज्यांची भक्ती काय कमी होती? त्यांनीही उपास केले, प्रदक्षिणा घातल्या, दारी आलेल्याला उपाशी पाठवलं नाही. फरक एवढाच की त्यांच्या हातात काही नव्हतं. मनात असून विहिरीचा एक दगड त्यांना लावता आला नाही, कारण विकायचं म्हटलं तर अंगावरचं डोरलं, आणि तेही नवऱ्याला विचारून. बाईच्या नावावर काही असलं की तिच्या भल्या मनाला हातपाय फुटतात. म्हणून सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती, हे घरी आठवण करून द्या. नवरा गेलेल्या बाईची वारसनोंद झाली का, हे तिच्या शेजारणीनं विचारावं आणि तिच्याबरोबर तलाठ्याकडं जावं. तिला एकटीला पाठवू नये. आणि दुखवट्याच्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही-अंगठा करू देऊ नये.

दुसरी गोष्ट त्या पांढऱ्या लुगड्याची. ज्या फोटोला आपण हार घालतो ती बाई विधवा होती. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून. तिच्या हातची पिंड आपल्याला पवित्र वाटते. मग आपल्यातली विधवा हळदीकुंकवाला का चालत नाही? लेकीच्या लग्नात ती खांबाआड का उभी राहते? कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. सरकारनं त्याच महिन्यात ते परिपत्रक काढून बाकीच्या गावांपुढं ठेवलं. अहिल्याबाईंना राणी असून एकटीला जे जमलं नाही ते सगळं गाव एका जागी बसलं तर जमतं.

आमच्या गटातल्या ज्या आजींबद्दल सांगतोय, त्या बाविसाव्या वर्षी विधवा झाल्या. इतकी वर्षं जयंतीला त्या सगळ्यांत मागं बसायच्या. हार घालायला पुढं या म्हटलं तर, "नको गं, शुभ कामाला मी कशाला," हे ठरलेलं उत्तर. यंदा आम्ही आधीच ठरवलं होतं. फोटो खाली काढला, स्वच्छ पुसला आणि हार आजींच्या हातात दिला. त्या बराच वेळ नाही म्हणत राहिल्या. मग फोटोकडं बघून म्हणाल्या, "हिनं पण पांढरंच नेसलंय की." आणि हार घातला.

हळदीकुंकवाचं ताट घेऊन आमच्यातली एक जण पुढं झाली तेव्हा आजींनी कपाळ मागं घेतलं. आम्ही बळजबरी केली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू. पण त्या दिवशी त्या मागं जाऊन बसल्या नाहीत, पहिल्या ओळीत बसल्या. आणि कार्यक्रमाचा खर्च लिहायची वही त्यांनी मागून घेतली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात असं कुणी मागं बसत असेल तर तिला पुढं बोलवा. सातबाऱ्याचं काय झालं तेही कळवा, आम्ही पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर नमस्कार, आणि हो, तव्यावरची भाकरी बघा.